पेशीला झेपेल एवढाच उजेड

जिवंत पेशीतला एकेक रेणू पाहायचा, तर लेसर जितका जोरदार तितका बरा, असं नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांना वाटतं. हिशेब इतका सरळ नसतो. रेणूला जोडलेला रंग लेसरचा प्रकाश शोषतो आणि काही नॅनोसेकंदांत थोड्या लांब तरंगलांबीचा प्रकाश परत देतो. पण प्रत्येक रंगरेणूची पुंजी मर्यादित. ती संपली की तो कायमचा विझतो. शिवाय उत्तेजित रंगाची ऊर्जा कधी ऑक्सिजनला मिळते, आणि असा खवळलेला ऑक्सिजन पेशीची पटलं, प्रथिनं जाळू लागतो.

आमच्या टेबलावर 405, 488, 561 आणि 640 नॅनोमीटरचे लेसर आहेत. 488 हा आकडा आर्गॉन लेसरकडून आलेला. 1995 साली रॉजर त्सिएन यांच्या संशोधन गटानं, पेशीत रंगासारखं वापरलं जाणाऱ्या जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनात 65व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनीन घातलं आणि ते प्रथिन याच आकड्याच्या आसपास उत्तम उजळू लागलं. आर्गॉनच्या नळ्या आणि त्यांच्या पंख्यांची घरघर बऱ्याच प्रयोगशाळांतून गेली. त्यांच्या जागी आलेले छोटे लेसरही 488चेच.

या कामातलं मला सर्वांत आवडतं ते किरण फायबरमध्ये उतरवणं. फायबरचा गाभा जेमतेम तीन-चार मायक्रॉनचा. दोन आरशांचे स्क्रू आळीपाळीनं केसभर फिरवायचे, नजर पॉवर मीटरवर. एका आरशानं आकडा घसरतो, दुसऱ्यानं तो आधीपेक्षा वर चढतो. लेसरच्या डब्यावर दिसणाऱ्या मिलिवॅटवर मी विसंबत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या ऑब्जेक्टिव्हमधून बाहेर पडणारा प्रकाश मोजते. पेशीला मिळतो तो तेवढाच.

पेशीच्या तळाचं पटल पाहायचं असेल तर किरण इतका तिरका करते की काचेवरून त्याचं पूर्ण परावर्तन होतं. मग काचेलगतचे शे-दोनशे नॅनोमीटर तेवढे उजळतात, वरची पेशी अंधारात राहते. पार्श्वभूमी काळी होते, एकेक रेणू वेगळा दिसतो.

तरीही निळा प्रकाश जास्त झाला, की पसरत चाललेली पेशीची पातळ कड आधी थबकते, मग मागे सरते. त्या क्षणापासूनचं चित्रण कितीही देखणं असलं तरी ते आजारी पेशीचं असतं. म्हणून त्याच डिशमधली, लेसर न पडलेली एखादी पेशी मी शेवटी साध्या उजेडात तपासते. दोघी सारख्याच वागत असतील, तरच मोजमाप वहीत चढतं.