रक्ताचे पाणी

मुलांसाठी बापाने रक्ताचे पाणी केले, असे आपण सहज म्हणून जातो. हा वाक्प्रचार अक्षरशः खरा होताना मी पाहिला तो दिल्लीत, आणि तोही हिच्या डोळ्यांसाठी.

आर. के. पुरममधील आमच्या सरकारी घरात हिचे डोळे कोरडे पडू लागले तेव्हा प्रथम दोष हवेला दिला गेला. मे महिन्यातील लू आणि दिवाळीनंतर उतरणारा धूर कोकणात वाढलेल्या माणसाने किती सोसावा? पुढे पोळीचा घासही पाण्यावाचून उतरेना. डॉक्टरांनी पापणीत टिपकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटे थांबायला सांगितले. निदान दहा मिलिमीटर ओल यायला हवी होती. ती दोनवरच थांबली. विकाराचे नाव शोग्रेन. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्याने १९३३ साली त्यावर प्रबंध लिहिला. यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच अश्रुग्रंथींवर आणि लाळग्रंथींवर उलटते.

त्याच सुमारास, २०१४ साली, हिचा थोरला भाऊ गेला. चिपळूणला पोचल्यावर ही वहिनीच्या मांडीवर डोके ठेवून हुंदके देत होती. गाल मात्र कोरडे. ओटीवर कुणीसे कुजबुजले, "दिल्लीला राहून माणूस दगड होतो हो!" हिने ते ऐकले. आपल्याकडे शोकालाही साक्ष लागते आणि ती डोळ्यांनीच द्यावी लागते. त्यानंतर दादाचे नाव हिच्या तोंडून मी ऐकले नाही.

बाजारातील कृत्रिम अश्रूंनी ओलावा येई, पण डोळ्यांतली खरखर जाईना. खऱ्या अश्रूंत अ जीवनसत्त्व असते, पारपटलाच्या पेशींना वाढवणारी प्रथिने असतात. हे सारे रक्ताच्या सीरममध्ये, म्हणजे रक्तरसातही असते. मग ज्याचे त्यालाच का देऊ नये? १९८४ साली फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोग्रेनच्या रुग्णांवर हा प्रयोग केला. कल्पना इतकी साधी, की ती आजीबाईच्या बटव्यातून निघाली असती तर आपण हसलो असतो.

"माझं घ्या ना रक्त," मी डॉक्टरांना म्हटले. तीस वर्षांचा संसार. एवढा हक्क असेल असे वाटले होते. त्यांनी मान हलवली. दुसऱ्याच्या रक्ताबरोबर दुसऱ्याचे रोग येऊ शकतात. जिथे स्वतःचे चालते तिथे स्वतःचेच बरे. हिच्या दंडातून काढलेले रक्त नळीत गोठू दिले, यंत्रात फिरवले. तळाशी लाल गाठ राहिली आणि वर गवती रंगाचे निवळ पाणी. त्याच्या एका भागात सलाइनचे चार भाग मिसळून छोट्या कुप्या भरल्या.

या कुप्यांचे सोवळे कडक. त्यांत टिकवणारे रसायन नसते, म्हणून साठा बर्फकप्प्यात आणि वापरातली तेवढी खाली. अ जीवनसत्त्व उजेडाने नासते, म्हणून वरून चंदेरी कागद. शेजारच्या अम्मांनी दिलेले इडलीचे पीठ आणि आमचा आमरस यांच्या सोबतीने हिचे रक्त फ्रीजमध्ये राहू लागले. जूनमध्ये वीज गेली की मी बर्फाचा थर्मास घेऊन अम्मांच्या इन्व्हर्टरकडे धावे.

चार महिन्यांनी ही पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागली. रोग गेला नाही. थेंब थांबवले की खरखर परत येते. रडू आले तरी पाणी येत नाही, ते नाहीच.

परवा संध्याकाळी मलै मंदिरात घंटा वाजत असताना ही थेंब घालून गॅलरीत बसली होती. एक थेंब गालावरून हनुवटीपर्यंत ओघळला. खालून जाणाऱ्या अम्मांनी तो पाहिला. त्या वर आल्या आणि काही न विचारता हिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. हे औषध आहे, असे हिने सांगितले नाही. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत ती त्यांना दादाविषयी सांगू लागली. मी आत जाऊन चहाचे आधण ठेवले.