एसीतून गरम हवा का येते?

अम्मींना रक्तदाबाचा त्रास आहे. त्यामुळे वऱ्हाडातल्या मे महिन्यात गाडीचा एसी ही आमच्या घरात चैन नाही, गरज आहे. गेल्या उन्हाळ्यात अमरावतीहून धारणीला निघालो. परतवाड्यापर्यंत हवा थंडगार होती. मेळघाटचा घाट लागला तशी ती कोमट झाली आणि सेमाडोहला पोचेपर्यंत चक्क गरम!

अम्मींना सावलीत बसवून पाणी दिले. भाच्याने इंजिन व एसी चालू ठेवून बॉनेट उघडले. कॉम्प्रेसर लागत होता, पण कंडेन्सरचा पंखा फिरत नव्हता. एसी गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता बाहेर नेतो. ती रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमधून निघून जाते. सपाट रस्त्यावर गाडीच्या वेगाने वारा मिळतो. घाटात मात्र पंखाच लागतो. मग काचा उघड्या ठेवून पुढे निघालो. अल्लाहच्या कृपेने अम्मी सुखरूप पोचल्या.

परतल्यावर एका गॅरेजवाल्याने न तपासताच गॅस भरायला सांगितले. दुसऱ्या गॅरेजातल्या चाचांनी आधी फ्यूज पाहिला, मग रिले. रिले बदलताच पंखा फिरू लागला.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला तर गळती शोधावी. सांध्यावरचा तेलकट डाग बहुधा तिची खूण असते. गळती तशीच ठेवून भरलेला गॅस पुन्हा हवेत जातो. म्हणून पैसे देण्याआधी विचारा, “बिघाड नेमका कुठे आहे?” घरातल्या वडीलधाऱ्यांचा पुढचा प्रवास त्या उत्तरावर अवलंबून असतो.