दुसऱ्याच्या वेळेत

आमचे अब्बा घड्याळजी होते. मिरजेच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानाला लागून त्यांची चार फुटांची टपरी होती. डोळ्याला भिंग लावून दिवसभर लोकांची घड्याळे दुरुस्त करायची आणि रात्री जेवणे झाली की आम्हा तिघा भावंडांपुढे बुद्धिबळाचा पट मांडायचा, हा त्यांचा शिरस्ता. कुणीतरी मोडीत काढलेले बुद्धिबळाचे घड्याळ आणून त्यांनी चालू केले होते. एका लाकडी पेटीत दोन तबकड्या आणि वर दोन खटके. आपली चाल झाली की खटका दाबायचा. आपले घड्याळ थांबते, समोरच्याचे सुरू होते. बाराच्या आकड्याजवळ एक बारीक लाल झेंडी. मोठा काटा तिला हळूहळू उचलतो आणि बारावर आला की सोडून देतो. झेंडी पडली की डाव गेला, मग पटावर तुमचा वजीर कितीही तोऱ्यात उभा असो.

दादीला हा खेळ पसंत नव्हता. याच्या नादात नमाजची वेळ टळते, असे ती म्हणायची. अब्बा हसून म्हणत, "इसके वास्तेच तो घड्याल रखा ना, अम्मा!"

आम्ही बहुतेक डाव झेंडीवरच हरलो. सुरुवातीला उगाच पटाकडे बघत बसायचो आणि खरी अडचण आली की हातात दोन मिनिटे उरलेली असायची. अब्बा सांगत, "सोपी चाल लगेच खेळा. वेळ अवघड चालीसाठी राखून ठेवा."

१९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. यंत्र सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासू शकते, असे लोक सांगत. अब्बांनी ते सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "त्याला घड्याळ होतं का?"

होते. माणसाला जेवढी वेळ तेवढीच यंत्राला. कास्पारोव्हसमोर डीप ब्लूच्या चमूतला एक जण बसायचा, पडद्यावर आलेली चाल पटावर करायचा आणि खटका दाबायचा. त्याच्या हाताला लागणारी वेळही यंत्राच्याच खात्यात पडायची.

२००३ साली आमच्या धाकट्याने पुण्याहून जुना संगणक आणला आणि त्यावर फ्रिट्झ हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम घातला. अब्बांनी पहिल्याच डावात पाच मिनिटे विचार करून घोडा हलवला. यंत्राने क्षणात उत्तर दिले. अब्बा दचकले.

"अरे, हे विचार करतं तरी कधी?"

"तुम्ही करत असता तेव्हा," धाकटा म्हणाला.

मग त्याने समजावून सांगितले. आपली चाल झाली की यंत्र गप्प बसत नाही. समोरचा बहुधा काय खेळेल याचा अंदाज बांधते आणि ती चाल झाली असे धरून आपले उत्तर शोधू लागते. अंदाज बरोबर निघाला तर उत्तर तयारच असते. चुकला तर तो सगळा हिशेब बाजूला ठेवून प्रत्यक्ष झालेल्या चालीपासून नव्याने सुरुवात करते.

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या वेळेत!" ही सोय बंदही करता येते, असे धाकट्याने सांगितले. अब्बांनी ती बंद करू दिली नाही. "राहू दे. तेही घड्याळ बघून खेळतंय ना!"

तेव्हापासून यंत्राचा वेळेचा हिशेब हा आमच्या घरात चर्चेचा विषय झाला. यंत्र आधी एक चाल पुढचे बघते, मग दोन, मग तीन, असे खोल जात राहते. प्रत्येक टप्प्यावर त्यातल्या त्यात बरी चाल त्याच्या हाताशी असते, त्यामुळे वेळ संपली म्हणून ते कधी रिकाम्या हाताने उभे राहत नाही. साधारणपणे उरलेल्या वेळेला उरलेल्या चालींनी भागायचे, हा मूळ हिशेब. एकच चाल उघड चांगली दिसत असेल तर ती लगेच खेळायची. डीप ब्लू तयार करणाऱ्या कॅम्पबेल, होन आणि श्यू यांनी २००२ साली आपल्या यंत्रावर सविस्तर लेख लिहिला. त्यात वेळेच्या दोन मर्यादा सांगितल्या आहेत, एक नेहमीची आणि एक घबराटीची. चांगली वाटणारी चाल खोलात गेल्यावर अचानक वाईट दिसू लागली तर यंत्राने नेहमीची मर्यादा ओलांडायची. अशा वेळी एका चालीवर उरलेल्या वेळेचा सुमारे एक तृतीयांश भागही खर्च करण्याची मुभा होती. शिवाय तांत्रिक बिघाडासाठी थोडी वेळ आधीच राखून ठेवलेली असे.

अब्बांना हे फार आवडले. "घाबरतं म्हणजे तेसुद्धा!" ते म्हणाले.

पण घाबरून त्याचा हात कापत नाही, हा फरक आहे. कमी वेळेच्या डावांत यंत्रे आधी पुढे गेली ती यामुळेच. १९९४ साली लंडनमध्ये पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या डावांत चेस जीनियस या प्रोग्रॅमने कास्पारोव्हला हरवले होते. मोठ्या डावांची लढत जिंकायला यंत्राला आणखी तीन वर्षे लागली. आणि घड्याळात वेळ असली म्हणजे माणसाला सगळे दिसते असेही नाही. २००६ साली बॉनमध्ये क्रामनिक डीप फ्रिट्झविरुद्ध शांतपणे विचार करून खेळला आणि एका चालीत होणारी मात त्याच्या नजरेतून सुटली.

२००९ साली अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. एक वाक्य पुरे करायला त्यांना दोन-तीन मिनिटे लागत. आम्ही आळीपाळीने मिरजेला यायचो. अब्बांनी पहिला शब्द उच्चारला की पुढचे वाक्य आम्हीच पुरे करायचो. "पाणी हवं? औषध? खिडकी लावू?" आम्हाला वाटे, आम्ही त्यांचे कष्ट वाचवतो आहोत. खरे म्हणजे आम्हाला परतीची गाडी असायची.

एका आठवड्यात ते रोज संध्याकाळी "घड्या... घड्या..." म्हणत. आम्ही वेळ सांगायचो. सहा वाजले, अब्बा. साडेसहा वाजले. ते मान हलवत आणि डोळे मिटून घेत. यंत्राचा अंदाज चुकला तर ते तो टाकून देते. आम्ही आमचा अंदाज टाकला नाही. तीच चूक रोज केली.

चौथ्या दिवशी आमची आपा आली. ती खाटेजवळ स्टूल घेऊन बसली आणि काहीच बोलली नाही. बऱ्याच वेळाने अब्बांनी डावा हात उचलून कपाटाकडे दाखवला. वरच्या कप्प्यात ती लाकडी पेटी होती.

आपाने चावी दिली. टिकटिक सुरू झाली. आम्ही पट मांडला, पण अब्बांचे लक्ष मोहऱ्यांकडे फारसे नव्हते. आम्ही एक चाल केली, खटका दाबला आणि त्यांचे घड्याळ चालू झाले. आता नियमाप्रमाणे आम्हाला काही करता येणार नव्हते. त्यांनी एकेका शब्दासाठी हवी तेवढी वेळ घेतली आणि म्हणाले, "आता... माझी वेळ आहे. बोलू द्या."

त्या रात्री अब्बा खूप बोलले. टपरीचे भाडे देणे राहिले होते, दादीच्या कबरीवरचा दगड कलला होता, धाकट्याच्या लग्नात केलेली एक कंजुषी त्यांच्या मनात सलत होती. यातली एकही गोष्ट आमच्या अंदाजात नव्हती. लाल झेंडी पडली ती आम्ही कुणी पाहिली नाही.

२०११ साली अब्बा गेले. आता आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये डीप ब्लूपेक्षा चांगले खेळणारे प्रोग्रॅम आहेत. अब्बांचे घड्याळ आपाकडे असते. ईदला आम्ही तिघे जमलो की ती त्याला चावी देते. पट मांडायचे नेहमीच जमते असे नाही. पण कुणी बोलायला लागले की दुसरा त्याच्या बाजूचे घड्याळ सुरू करून देतो.