हॉर्न नाही, भोंगा नाही

लालबागचा फ्लायओव्हर आमच्या चाळीच्या गॅलरीतून दिसतो. दिसतो कसला, ऐकूच येतो जास्त. त्यामुळे इंग्लंडमधल्या डर्बीला नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाने विचारलं, ‘‘संडेला सायकलवर येतेस? चोवीस किलोमीटर, रस्त्यात एकही गाडी नाही,’’ तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, ‘‘का, बंद आहे का?’’

बंद नव्हता. म्हणजे होता, पण 1967 पासून. त्या साली क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे नावाच्या जुनाट मालगाडीच्या मार्गावरची शेवटची गाडी थांबली. पुढे 1971 मध्ये तिथल्या काउंटी कौन्सिलने आणि नॅशनल पार्कच्या बोर्डाने या मार्गाचा मोठा तुकडा विकत घेतला आणि चालणारे, सायकलवाले आणि घोडेवाले यांच्यासाठी मोकळा करून दिला. डाऊलोपासून क्रॉमफर्डजवळच्या हाय पीक जंक्शनपर्यंत, जवळजवळ 28 किलोमीटर. नाव हाय पीक ट्रेल. डांबर नाही, सिग्नल नाही. ‘कट मारून’ जाणारा बाइकवाला तर नाहीच नाही.

आम्ही पार्स्ली हे नावाच्या ठिकाणी कार लावली आणि कॅरिअरवरून सायकली उतरवल्या. भावाची स्वतःची ग्रॅव्हल बाइक, मला त्याच्या रूममेटची. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: हँडल रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं, टायर मात्र जाडजूड. डांबरावर पळते आणि खडीवर घसरत नाही. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवायची, की खडीचे धक्के टायरच खातो. मी गेली दहा वर्षं सायकल चालवली नव्हती, तरी पाच मिनिटांत जमलं. रेल्वेचा मार्ग म्हटल्यावर चढ-उतार नावालाच. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मला महागात पडणार आहे.)

आणि खडी पांढरी! आपल्याकडे दगड म्हटलं की काळा कातळ, सह्याद्रीचा. इथे सगळा चुनखडक. पायाखाली चुनखडी, शेतांच्या बांधांना चुनखडीच्या, मातीचूनही न वापरता नुसत्या दगडावर दगड रचलेल्या भिंती. मैलोन्मैल. म्हणून तर पीक डिस्ट्रिक्टच्या या भागाला व्हाइट पीक म्हणतात. ब्रिटनचं हे पहिलं नॅशनल पार्क, 1951 सालचं. एका फाटकापाशी भावाने भिंतीतल्या दगडावर बोट ठेवलं. त्यात बारीक बारीक चकत्या, कुणीतरी स्क्रूचे तुकडे सिमेंटमध्ये दाबल्यासारख्या. समुद्रातल्या क्रिनॉइड नावाच्या जिवांचे देठ होते ते. साधारण 33 कोटी वर्षांपूर्वी ही जागा विषुववृत्ताजवळच्या उथळ, कोमट समुद्राखाली होती. आपला दख्खनचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे यांच्यापुढे अगदीच पोरगेलासा. मी त्या भिंतीला टेकून चिक्की खाल्ली. लोणावळ्याचीच, बॅगेतून नेलेली.

थोड्या वेळाने लक्षात आलं की काहीतरी कमी आहे. हिरवंगार माळरान, गाई, मेंढ्या, सगळं आहे, पण ओढा कुठेच नाही. पाऊस एवढा पडतो, मग पाणी जातं कुठे? खाली. चुनखडकाला भेगाच इतक्या, की पाणी वर टिकतच नाही. गंमत म्हणजे या मार्गावर आधी रेल्वे नव्हे तर कालवा खणायचा विचार होता. पठारावर कालव्यात पाणी आणायचं कुठून, या प्रश्नापाशी तो अडला. मग इंजिनीअर जोसायस जेसपने कालव्याचाच फंडा रेल्वेला लावला. लांबच लांब सपाट टप्पे, आणि जिथे उंची बदलायची तिथे एकदम तीव्र उतार, ज्यावर वाफेचं इंजिन वाघिण्या साखळीने ओढून घेणार. 1830-31 मध्ये लाइन सुरू झाली. नंतर याच गाडीने पठारावरच्या खाणींना आणि शेतांना पाणीही पोचवलं, जुन्या इंजिनांच्या टेंडरमध्ये भरून. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, आठवतं? इथे तर पाऊस पडत असताना टँकर!

मिनिंगलोच्या टेकडीला वळसा घातला. वर बीचच्या झाडांचा झुबका, त्याखाली अश्मयुगातली दफनं. खाली भरावावरून आमची पांढरी पट्टी सरळ गेलेली. गॉथम नावाच्या जागी रेल्वेला इतकं कडक वळण होतं की सायकलवरूनही वाटतं, ही गाडी रुळावर राहायची कशी! मध्ये एक घोडेस्वार आजी भेटल्या. घोड्याजवळून जाताना हळू व्हायचं, लांबूनच घंटी किंवा हाक द्यायची, हा इथला नियम. मी घंटी वाजवली. अख्ख्या दिवसातला सगळ्यात मोठा आवाज तोच.

मग पाऊस आला. चुनखडीची पूड ओली झाली की तिचं जे होतं ते आपण दिवाळीआधी भिंतीला लावतो. सायकल, बूट, माझी एकुलती एक बरी जीन्स, सगळ्याला सफेदी. मिडलटन टॉपला पोचलो तेव्हा मी चालतीबोलती चाळीची भिंत दिसत होते. तिथे 1829 मध्ये बांधलेलं इंजिनघर अजून उभं आहे, आणि तिथून सुरू होतो तो उतार. दर आठ मीटरला साधारण एक मीटर खाली. ओली खडी आणि माझे ब्रेक यांच्यावर विश्वास ठेवण्याइतकी मी शूर नाही. सरळ उतरले आणि सायकल हाताने नेली. पुढे शीप पाश्चरच्या उतारावर 1888 मध्ये सुटलेल्या वाघिण्या खालचा कालवा आणि रेल्वेचे रूळ दोन्ही ओलांडून पलीकडे पडल्या होत्या, हे वाचल्यावर तर माझा निर्णय मला फारच पटला.

खाली कालव्याकाठच्या पायवाटेने क्रॉमफर्ड. इथे यायचं खरं कारण मी भावालाही सांगितलं नव्हतं.

माझे आजोबा गिरणीत होते. 1961 साली कणकवलीहून आले आणि सूतकताईच्या खात्यात लागले. त्या खात्याला ते ‘त्रासन’ म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, त्रास व्हायचा म्हणून त्रासन. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि आजोबांची एकवीस वर्षांची नोकरी त्यात गेली ती गेलीच. ते गावी परतले, बाबा चाळीत राहिले. गिरणीच्या जागी आता मॉल आहे, तिथे मी कॉफी प्यायले आहे. आजोबांना हे सांगितलेलं नाही. गिरणी कामगारांच्या घरांच्या लॉटरीत नाव निघेल म्हणून त्यांनी सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेत. वय वर्षं 82.

आणि क्रॉमफर्डला 1771 मध्ये रिचर्ड आर्कराइटने पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभी केली. हा गृहस्थ मूळचा न्हावी आणि केसांचे टोप बनवणारा. त्याच्या वॉटर फ्रेम यंत्रात पुढे सुधारणा होत गेल्या आणि त्यातून निघालं ते थ्रॉसल. थ्रॉसल! मी कालव्यापाशी उभी राहून मोठ्याने म्हणून पाहिलं. त्रासन त्याचंच असणार. आजोबांचं खातं इथून निघालं होतं.

गिरणी अजून उभी आहे. तिलाही चुनखडकानेच पाणी पुरवलं होतं. शिशाच्या खाणींतून पाणी काढायला खोदलेल्या बोगद्यातून ते यायचं, कोमट, त्यामुळे थंडीतही क्वचितच गोठायचं. 1840 च्या दशकात दुसऱ्या, आणखी खोल बोगद्याने ते पाणी पळवलं आणि इथली कताई आटोपली. 1979 मध्ये आर्कराइट सोसायटी या संस्थेने जागा घेऊन ती वाचवायला सुरुवात केली. 2001 पासून हा परिसर जागतिक वारसा आहे. मी आजोबांना व्हिडिओ कॉल लावला.

‘‘काय गो, खंय असस?’’

‘‘गिरणीत.’’

‘‘खंयच्या?’’

सांगितलं. तुमच्या त्रासनचं माहेर, म्हटलं. ते फोन डोळ्यांच्या अगदी जवळ धरून बघत होते, त्यामुळे मला नुसतं कपाळ दिसत होतं. यंत्राबद्दल विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, ‘‘पाळी किती तासांची?’’

बारा तासांच्या दोन पाळ्या, मुलंसुद्धा कामाला.

‘‘आमच्यापेक्षा जास्ती,’’ ते म्हणाले. मग थांबून, ‘‘आनि जमीन कोणाक गेली?’’

संस्थेला, सांगितलं. मॉल नाही? नाही. यावर बराच वेळ नुसतंच कपाळ.

मग मी त्यांना नॉर्थ स्ट्रीट दाखवली. कामगारांसाठी 1776 च्या सुमारास बांधलेली तीन मजली दगडी घरं, एकाला एक चिकटून, दोन्ही बाजूंना ओळ. वरचा मजला हातमागासाठी. आपली चाळच, फक्त गॅलरी नाही. आजोबांनी मला सावकाश चालायला लावलं आणि एकेक दार मोजलं.

‘‘अजून रवतत?’’

‘‘राहतात.’’

‘‘भाडा किती?’’

त्यातलं एक घर पर्यटकांना सुट्टीसाठी भाड्याने देतात. मी भावाकडे पाहिलं. त्याने मोबाइलवर शोधून एका वीकेंडचा आकडा दाखवला. तो रुपयांत करायला मला अर्धा मिनिट लागला.

‘‘विचारून सांगते,’’ मी म्हटलं.

पाऊस थांबला होता. परत जायचं म्हणजे ते दोन्ही उतार आता चढायचे. भाऊ म्हणाला, क्रॉमफर्डहून डर्बीला थेट ट्रेन आहे, तू जा, मी गाडी घेऊन येतो. एरवी मी लगेच हो म्हटलं असतं. पण मी सायकल धरली आणि ढकलायला लागले. फोन खिशात वाजत होता, आजोबांचाच असावा.