दोन विती ओटा

सिरुसेरी, चेन्नई
१२ जून

चि. सायलीस,


परवा फोनवर "मावशी, स्वयंपाकघर कसलं, कपाट आहे ते" एवढं म्हणालीस आणि तुझा गळा भरून आला. नवं घर, नवी नोकरी, त्यात सकाळी दोघांचे डबे. मी घाईघाईत काहीबाही सांगितलं, पण फोन ठेवल्यावर चुटपुट लागून राहिली. म्हणून सावकाश लिहिते आहे.

माझं इथलं स्वयंपाकघर तू पाहिलेलं नाहीस. सिपकॉटच्या आयटी पार्कपासून चालत वीस मिनिटांवर, गावातल्या एका घराच्या गच्चीवर बांधून काढलेल्या खोल्या आहेत, त्यांतली आमची एक. स्वयंपाकघर पाच फूट बाय सहा फूट. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जेवायची जागा वेगळी असली, तरी स्वयंपाकघर निदान ५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण ५४ चौरस फुटांचं असावं लागतं. माझं तीस चौरस फुटांचं. ओटा पाच फुटी. त्यातून सिंक आणि दोन बर्नरची शेगडी वजा केली की उरतात दोन विती. नऊ वर्षं आम्हा तिघांचं रांधणं त्या दोन वितींवर चाललं आहे, आणि चांगलं चाललं आहे.

पहिल्या महिन्यात मात्र मी तीच चूक केली जी तू आता करायला निघाली आहेस. तीन रॅक आणले. एक भिंतीला, एक सिंकवर, एक कोपऱ्यात. रॅक आले म्हणून डबे आले, डबे आले म्हणून सामान आलं, आणि जे भिंतीवर मावेना ते ओट्यावर उतरलं. एका संध्याकाळी उकळत्या आमटीचं पातेलं सांडशीत धरून मी उभी होते आणि ते टेकवायला बोटभर जागा नव्हती. नाइलाजानं कुकरच्या झाकणावर ठेवलं. ते घसरलं. डावं पाऊल पोळलं, पंधरा दिवस जमिनीवर टेकवता येत नव्हतं. ते दिवस पलंगावर बसून काढले, आणि मनात सारखं आईचं, म्हणजे तुझ्या आजीचं स्वयंपाकघर येत राहिलं.

स्वयंपाकघर असं वेगळं तिला कधी मिळालंच नाही. मुंबईतल्या नायगावची बीडीडी चाळ, १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेली. १६० चौरस फुटांची एक खोली, तिच्यातच मोरी, संडास बाहेर सामाईक. त्या खोलीत आम्ही सहाजण राहायचो आणि शिवाय बारा गिरणी कामगार जेवून जायचे. आई खानावळ चालवायची. गिरणगावात तेव्हा अशा कितीतरी बायका होत्या. कोकणातून, घाटावरून एकट्या आलेल्या माणसांना त्यांनी जेवू घातलं आणि सावकाराच्या व्याजात स्वतः पिचून गेल्या. प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. मुंबईच्या इतिहासात गिरण्यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. त्या गिरण्या ज्या जेवणावर चालल्या ते दहा-बारा फुटांच्या खोल्यांत शिजत होतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आईनं हे कसं जमवलं? जागा नव्हती, तेव्हा तिनं वेळ वाटून घेतली. पहाटे मोरी आंघोळींची, सात वाजल्यानंतर भांड्यांची, दुपारी डाळ-तांदूळ निवडायची. पहिल्या पाळीच्या पोळ्या झाल्या की पोळपाट भिंतीच्या खिळ्यावर जायचा आणि त्याच जागी ताटं मांडली जायची. पोळ्या ती खाली बसूनच लाटायची. तिच्या भांड्यांना कान नव्हते, दांडे नव्हते. सगळी पातेली एकात एक बसायची आणि सगळ्यांना मिळून सांडशी एकच. ही तुला लहान गोष्ट वाटेल, पण दांड्याची तीन पॅन जेवढी जागा अडवतात तेवढ्यात बिनदांड्याची सात पातेली राहतात. मी घरी मोजून पाहिलं आहे.

पाऊल बरं झाल्यावर मी पहिल्यांदा दोन रॅक देऊन टाकले. मग घरात नियम केला: त्या दोन विती कोऱ्या ठेवायच्या. चहाची साखर नाही, मिठाची बरणी नाही, धुतलेलं भांडंसुद्धा नाही. गरम भांडं उतरवायला जागा हवी म्हणजे हवीच. त्यानंतर इथल्या सुताराकडून सिंकच्या मापाची एक फळी करून घेतली. भाजी चिरताना ती सिंकवर टाकते, काम झालं की उभी करून भिंतीला लावते. त्यानं आणखी दोन विती मिळाल्या. पोळ्या आईसारख्याच खाली बसून लाटते. जमीनही स्वयंपाकघरातच येते, हे आपण उभ्या ओट्याच्या नादात विसरलो.

शेजारच्या अक्कांकडे हे खाली बसून काम करणं अजून जिवंत आहे. त्या रोज अरिवाळ्‌मनैवर भाजी चिरतात. ती आपली विळीच. त्यांचा मसाल्याचा लाकडी डबा पाहिला तेव्हा मला आपल्याच घरात आल्यासारखं वाटलं. त्याला त्या अंजरैप्पेट्टी म्हणतात, पाच खणांची पेटी. आपल्या मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात, एवढाच फरक. फोडणीसाठी एक डबा उघडला की काम झालं. सात बरण्यांचा खटाटोप नको.

कुकरचं तर तुला सांगायला नकोच, तरी सांगते, कारण तू डाळीला एक, भाताला एक असे दोन कुकर घेतलेस म्हणे. एक परत कर. तळाच्या भांड्यात हिंग-हळद घातलेली तूरडाळ, मधल्यात तांदूळ, वरच्यात बटाटे किंवा दुधी. कुकर लावला की कणीक मळायची, कोथिंबीर निवडायची. वाफ जिरेपर्यंत शेगडीचा दुसरा बर्नर भाजीला मोकळा. कुकर उघडला की तो लगेच धुऊन त्याच्यातच तिन्ही भांडी घालायची. छोट्या स्वयंपाकघरात "मग धुते" परवडत नाही. एक खरकटं पातेलं म्हणजे अर्धा सिंक गेला.

हे आपल्याकडच्याच गरिबीचं शास्त्र आहे असं मात्र समजू नकोस. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफर्टमध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुरचनाकार बाईंनी कामगारवस्तीसाठी साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. ते दहा हजारांच्या आसपास घरांत बसवलं गेलं. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यातलं स्वयंपाकघर त्यांनी नमुना म्हणून समोर ठेवलं होतं. बाईची पावलं किती पडतात, हात कुठवर पोचतो, याचा हिशेब त्यांनी केला. पिठाचे खण ओकच्या लाकडाचे केले, कारण त्यातल्या टॅनिनमुळे पिठात अळी होत नाही. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे. पण दुकानातली माणसं आता त्याच नावाखाली कपाटं विकतात आणि पावलांचा हिशेब कोणी करत नाही. म्हणून तुला म्हणते, काही विकत घ्यायच्या आधी आठ दिवस नुसता स्वयंपाक कर आणि कुठे अडतं ते बघ.

पिठावरून आठवलं. इथली हवा दमट, समुद्र जवळ. पोहे चार दिवसांत मऊ पडतात, रव्यात अळ्या होतात, मिठाला पाणी सुटतं. त्यामुळे मी किराणा महिन्याचा भरत नाही, आठवड्याचा आणते. अर्धा किलो तुवरम् परुप्पु, म्हणजे तूरडाळ, पाव किलो अवल, म्हणजे पोहे. दुकान हेच माझं कोठार. इडली-डोशाचं पीठ कोपऱ्यावर रोज ताजं मिळतं, त्यामुळे वेट ग्राइंडर घरात आणायची वेळच आली नाही. फक्त एक डबा कायम भरलेला असतो: दोन दिवसांचे तांदूळ, डाळ, बटाटे, काडेपेटी. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग वादळ आलं तेव्हा आमच्याकडची दुकानं बंद, वीज नाही, रस्त्यावर पाणी. त्या डब्यावर आम्ही आणि अक्कांचं घर, दोन्ही जेवलो. खिचडी माझी, रसम त्यांचं.

बीडीडी चाळी आता पाडताहेत. तिथल्या लोकांना ५०० चौरस फुटांची घरं मिळताहेत. आईला ते बघायला मिळालं असतं तर तिच्या तोंडावर काय उमटलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करते. तिनं त्या खोलीतून कोणाला उपाशी पाठवलं नाही. तिच्या हाताखाली मी जे शिकले ते तुझ्यापर्यंत पोचायला हवं, म्हणून एवढं लिहिलं.

जावयांनाही हे पत्र वाचायला दे. ओटा कोरा ठेवायचं काम दोघांचं आहे, एकटीनं ते होत नाही.

उद्या सकाळी शेगडी आणि सिंक सोडून ओट्यावर काय उरतं ते मोज आणि मला कळव. फुटांत नको, वितींत लिही. त्यावरून मी सुताराला फळीचं माप देते. आमच्या घरातून कोणी तिकडे आलं की त्यांच्याबरोबर पाठवीन.

तुझी,
मावशी