स्वस्तातली भुते

माणसांप्रमाणे भुतांतही गरीब आणि श्रीमंत असे दोन वर्ग आहेत, असे माझे प्रामाणिक मत आहे. श्रीमंत भुते बहुधा परदेशातून येतात. त्यांच्या अंगावरचा एकेक केस यंत्रावर काढलेला असतो आणि चित्रपट संपल्यावर ती घडवणाऱ्या माणसांची नावे पडद्यावरून कितीतरी वेळ सरकत राहतात. गरीब भुतांचे तसे नाही. त्यांचा मुखवटा हनुवटीशी सुटलेला असतो, केसांचा टोप जरा तिरका बसलेला असतो आणि त्यांच्याबरोबर येणारे धुके कोणत्या कोपऱ्यातून सोडले आहे तेही नीट पाहिले तर कळते. मला ही दुसरी भुते आवडतात. वर्गात मराठी शिकवणाऱ्या आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला ही आवड शोभत नाही, असे आमच्या घरात मला वारंवार सांगण्यात येते. "अहो, त्या भुताचा पंजा मनगटापाशीच संपतोय बघा," असे म्हणून सौभाग्यवती उठून जातात. पंजा मनगटापाशी संपतो, हे खरेच आहे. पण म्हणून भीती तिथे संपते असे थोडेच आहे!

आपल्याकडे गरीब भुतांचे थोरले घराणे म्हणजे रामसे बंधूंचे. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेल्या फतेहचंद रामसे यांचे रेडिओचे दुकान होते आणि सात मुलगे होते. 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा त्यांचा १९७० सालचा चित्रपट पडला. पण त्यात भयंकर मुखवटा घालून चोरी करायला आलेले पृथ्वीराज कपूर लोकांना आवडले, हे मुलांनी हेरले. मग १९७२ साली महाबळेश्वरला चित्रण करून त्यांनी 'दो गज जमीन के नीचे' काढला. आपल्याकडे घरात कार्य निघाले की कुणी कोठीघर सांभाळतो, कुणी पंगत पाहतो, कुणी भटजींच्या मागे लागतो; तसाच हा प्रकार होता. कुमार यांनी लिहायचे, गंगू यांनी कॅमेरा धरायचा, किरण यांनी आवाज पाहायचा, अर्जुन यांनी संकलन करायचे, तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन करायचे. वाडे बांधायला पैसा नव्हता, म्हणून आयते वाडे शोधायचे. मुरूडच्या नवाबाचा राजवाडा त्यांच्या चित्रपटांत दिसतो तो असा. ज्याच्या घरी एस.टी.ने जाता येते असे भूत मला फार जवळचे वाटते.

गरिबीचे गुणगान गाऊ नये, ती भोगणाऱ्याला ते बोचते. तरीही हातात पैसा नसला म्हणजे डोके चालवावे लागते, एवढे मात्र खरे. अमेरिकेत १९४२ साली वॅल ल्युटन या निर्मात्याने आणि जॅक टर्नर या दिग्दर्शकाने 'कॅट पीपल' नावाचा चित्रपट थोडक्या पैशांत केला. त्यातला जिना दुसऱ्या एका मोठ्या चित्रपटासाठी बांधलेला, तो यांनी उसना वापरला. त्यात रात्री एक बाई एकटी चालली आहे. मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज येतो आहे. मग तो आवाजच थांबतो. आता झडप पडणार म्हणून आपण श्वास रोखतो, तोच फिस्स करून पडद्यावर शिरते ती बस! वाघीण नाही, पंजा नाही, दात नाहीत. खर्च काय तो एका बसचा. १९६८ सालच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये तर रक्त म्हणून चॉकलेटचे सरबत वापरले होते. चित्रपट कृष्णधवल, तेव्हा विचारतो कोण? उरलेला रंग प्रेक्षकाने आपल्या मनातून भरायचा. लहानपणी मुंजाच्या गोष्टी ऐकताना आपण दुसरे काय करत होतो?

रामसे यांच्याकडे एवढा संयम नव्हता, हे मी मान्य करतो. त्यांचे भूत दारामागे राहत नाही. ते चांगले पुढे येऊन उभे राहते, आणि एकदा पुरते दिसलेले भूत निम्मे मेलेले असते. शिवाय भीती जरा कुठे जमून येते आहे तोच विनोद घुसतो. 'पुराना मंदिर'मध्ये जगदीप 'शोले'ची नक्कल करत इतका वेळ घेतात, की बिचारा राक्षस पेटीत ताटकळला असेल. नायिकांना भलत्या वेळी स्नाने सुचतात. हे सारे मी हसून सोडून देतो. पण दोन दोष असे आहेत की त्यांना हसता येत नाही.

पहिला दोष म्हणजे कुरूप तो दुष्ट, हा हिशेब. 'पुराना मंदिर'मधला सामरी हा राक्षस अनिरुद्ध अग्रवाल यांनी केला. उंचापुरा देह, राकट चेहरा. रंगभूषेला फारसे कष्ट नकोत म्हणूनच जणू निवड झालेली. माझ्या वर्गात एक असाच उंच, मोठ्या जबड्याचा मुलगा आहे. मुले हल्ली हे जुने चित्रपट फोनवर पाहतात, आणि त्यांनी त्याचे नाव सामरी ठेवले. मी एकदा धडा बाजूला ठेवून वर्गाला सांगितले, की सामरी झालेला माणूस रुडकीला शिकलेला स्थापत्य अभियंता होता. "म्हणजे पूल बांधणारे का, सर?" त्या मुलानेच विचारले. मी म्हटले, "हो, तेच शिक्षण." मुलांनी चिडवायचे सोडले असे नाही. पण आता कुणी 'सामरी' म्हटले की तो "इंजिनिअर म्हण" असे बजावतो आणि मगच ओ देतो.

दुसरा दोष याहून खोल आहे. 'पुराना मंदिर' १९८४ सालचा. त्यात शाप असा, की त्या घराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतील. आमच्या गावी तो आला १९९० साली, गणपतीत, भाड्याच्या व्हिडिओवर. 'केवळ प्रौढांसाठी' हे प्रमाणपत्र पडद्यावर झळकले तेव्हा पुढच्या चार रांगांत बारा वर्षांवरचे कुणी नव्हते. मीही तिथेच होतो. मागे बायकांत आजी बसली होती. बाळंतपणाचा प्रसंग आला तशी आई तिला हळूच म्हणाली, "आत्याबाई, चला घरात." कारण माझी आत्या पहिल्या बाळंतपणातच गेली होती. श्रावणातला पाऊस, ओढ्याला पूर, साकव वाहून गेलेला, आणि दवाखाना पलीकडच्या काठाला. गावातल्या चार तोंडांनी मात्र करणी केल्याचे ठरवले आणि एका विधवेकडे बोट दाखवले. त्या बाईने पुढे आमच्या ओढ्यावर पाणी भरणेच सोडले.

आजी उठली नाही. राक्षसाचा नायनाट होईपर्यंत बसून राहिली. घरी जाताना माझा हात धरून ती म्हणाली, "त्यांच्या पुढ्यात मारायला काहीतरी होतं रे. आमच्या पुढ्यात नुसतं पाणी होतं."

पुढे कितीतरी वर्षांनी मला त्या वाक्यात या चित्रपटांचे सारे आकर्षण आणि सारा दोष एकत्र सापडला. ज्या दुःखाला तोंड नसते त्याला ते तोंड देतात. कसले का असेना, रबराचे! मग त्रिशूळ घेऊन त्याच्या अंगावर जाता येते. दोन तासांपुरते हे मोठेच सुख आहे. पण तेच तोंड दिवे लागल्यावर शेजारणीच्या खांद्यावर बसवले की त्या सुखाचे पाप होते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो लोक चित्रपटाला घाबरतात म्हणून नव्हे. शेजारणीला घाबरतात म्हणून. आमच्या ओढ्यावर आता पूल आहे. तो त्रिशुळाने झाला नाही.

तुलसी रामसे २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली. त्यांची भुते मात्र अजून चालती आहेत, आणि मीही ती पाहायचे सोडलेले नाही. मला वाटते, सुटलेला मुखवटा हीच त्यांची मोठी शालीनता. 'मी खोटे आहे' हे ते भूत हनुवटीशी सतत सांगत असते. श्रीमंत भूत ही कबुली कधी देत नाही.

आता नरक चतुर्दशीला पहाटे आपण डाव्या अंगठ्याखाली कारीट फोडू. सुपारीएवढे ते कडू फळ. त्याला नरकासुर म्हणायचे, आणि त्याचा रस जिभेला लावून तोंड वाकडे करायचे. याहून स्वस्तातला राक्षस कुठे मिळेल? तरीही तो फोडताना घरातले लहानगे पोर क्षणभर गंभीर होतेच. त्याला तसे होऊ द्यावे. फक्त कारीट फुटले की दिवा त्याच्या हाती द्यावा, आणि पहिली करंजी शेजारच्या घरी पाठवावी.