पोरगी उडेल, पण कुणाकडे?

नागाव, अलिबाग
फेब्रुवारी २०२६

प्रिय मित्रा,

तुझा निरोप मिळाला. ‘भाचीला एमिरेट्समध्ये अर्ज करायला सांग, बाकीचं मी बघतो.’ तुझी माया कळते रे, पण ते दार इतक्यात उघडणार नाही. बाहेरदेशीचे वैमानिक ते घेतात ते चांगले मुरलेले. हिच्या लॉगबुकात बारामतीच्या प्रशिक्षणातले जेमतेम २०० तास.

सध्या तिच्यापुढे दोन पत्रं आहेत. एक स्वस्त तिकिटांच्या मोठ्या कंपनीचं, एअरबस ए-३२० साठी. दुसरं लहान प्रादेशिक कंपनीचं, एटीआर या पंख्याच्या विमानासाठी. आळीत सगळ्यांचा कौल एअरबसला. पंख्याचं विमान म्हटलं की ताईचा चेहरा उतरतो. सुपारीची वाडी गहाण टाकून तिनं कर्ज काढलंय, तिला भरभक्कम नाव हवंय, आणि ते साहजिकच आहे.

पण भरभक्कम नावांचं काय झालं ते आपण पाहिलंय. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली तेव्हा वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये गेली. दुसरीकडे नोकरी मिळाली तरी ज्येष्ठतेच्या यादीत तळाशी जाऊन बसायचं, आणि या धंद्यात बेस कुठला, दिवाळीची सुट्टी कुणाला, कॅप्टनच्या खुर्चीसाठी कितवा नंबर, हे बरंचसं त्या यादीवरच ठरतं.

माझं मन एटीआरकडे ओढ घेतं. सत्तरएक माणसांचं विमान, छोटे टप्पे, दिवसाला तीन-चार वेळा उतरणं, पावसाळ्यात आडवा वारा. हात तिथं बसतो. तुझ्या दुबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानातला फर्स्ट ऑफिसर महिन्यातून मोजक्याच वेळा चाकं टेकवतो. कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एटीपीएल लायसन्ससाठी १५०० तास हवेत. ते दोन्हीकडे भरतील, पण त्यानंतरची रांग लहान कंपनीत आखूड असू शकते. ती किती आखूड आहे, हे तिनं तिथल्याच एखाद्या फर्स्ट ऑफिसरला विचारावं असं माझं म्हणणं आहे.

परवा तिनं एका सीनियरचं रोस्टर मोबाइलवर दाखवलं. सोमवारी पहाटे ४.४० चं रिपोर्टिंग, चार सेक्टर. मंगळवारी तेच. बुधवारी स्टँडबाय, म्हणजे गणवेश इस्त्री करून फोनकडे बघत बसायचं. गुरुवारी रात्रीची ड्युटी, परगावी मुक्काम. आता आठवड्याला सलग ४८ तासांची विश्रांती सक्तीची झालीय, रात्रीच्या लँडिंगवरही मर्यादा आलीय. त्या नियमांसाठी वैमानिक कमी पडले आणि डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, हे तूही वाचलं असशील. लोक विमानतळावर ताटकळले, फार हाल झाले. पण थकलेल्या माणसाच्या हातात विमान नको, हा आग्रह मला शंभर टक्के पटतो. कंपनी निवडताना पगाराआधी रोस्टर बघावं.

आणि बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते तो विमानतळ. २५ डिसेंबरला उलव्याचा नवी मुंबई विमानतळ सुरू झाला. इतकी वर्षं मुंबईचा सहार विमानतळ गाठायचा म्हणजे आदल्या दिवशीच घर सोडायचं; आता पेण-पनवेलवरून रात्रीतही जाता येतं. मला तर मनापासून वाटतं, उलवे, कोंबडभुजे, चिंचपाडा, ज्यांच्या जमिनी या धावपट्टीसाठी गेल्या, तिथली पोरं नुसती सामान चढवायला नकोत, कॉकपिटात दिसायला हवीत. आपल्या किनाऱ्यावरची पोरं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर गेली, घरी वर्षातून एकदा आली. हिला तरी आठवड्यातून दोन रात्री आईच्या हातचं जेवण मिळावं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. दोन्ही पत्रांना बॉन्ड जोडलाय. मुदतीआधी सोडलं तर टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या विमानाच्या खास प्रशिक्षणाचा, खर्च परत करायचा. वर नोटिशीचा काळ फर्स्ट ऑफिसरला सहा महिने, कॅप्टनला वर्ष. वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही, असं ताईला बजावलंय.

तुझ्या इमारतीत ते मराठी कॅप्टन राहतात ना? त्यांना एवढंच विचार: एटीआरवरचे तास तिकडे मोठ्या विमानासाठी कितपत धरतात? उत्तर तिला रविवारच्या आत कळव. सोमवारी ती दोन्हीकडे होकार-नकार कळवणार आहे.

तुझा,
जुना शेजारी